मला भिकेचं भांडं म्हणाल तर खबरदार

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. जातीचं लोखंडी. काठाला एका बाजूने पोचा आलेला, बुडाला दोन ठिकाणी भोकं बुजवायला डाग दिलेला, रंग विचाराल तर कधीच उडालेला. दिसायला मी काही देखणं नाही, हे मलाही कळतं. पण इमानदार आहे. जन्मात मी कुणापुढे पसरलेलो नाही, आणि तरीही एका सकाळी साऱ्या जळगावने मला भिकेचं भांडं म्हणून पाहिलं. ती गोष्ट सांगायची म्हणूनच आज तोंड उघडलं आहे. मधे मधे माझा आवाज चढेल. चढू द्या.

माझा जन्म धुळ्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली ठेवली, वरून दणका बसला आणि मी झालो. बारसं नाही की पाळणा नाही. माझ्यासारख्या वीस भावंडांना एकात एक बसवून दुकानाबाहेर उतरंड लावली. तिथून मला नरडाण्याकडच्या झिपरू सैंदाणे नावाच्या गवंड्याने घेतलं. घेताना त्याने बोटाच्या पेराने मला टणटण वाजवून पाहिलं आणि आवाज ऐकून मान डोलावली. कुणी पारखून घेतलं की बरं वाटतं हो, मग तुम्ही माणूस असा नाही तर घमेलं.

झिपरूने मला खूप राबवलं. शिरपूरला शाळा-कॉलेजांच्या इमारती उठत होत्या, तेव्हा मी रेती वाहिली, सिमेंट कालवलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत हातोहात गेलो. झिपरू भिंत बांधायचा आणि त्याची बायको झुंबरबाई मला डोक्यावर घेऊन शिडी चढायची. संध्याकाळी ती मला आतून बाहेरून धुवायची आणि पालथं न घालता उताणं ठेवायची, म्हणजे उरलेल्या उन्हात मी कोरडं व्हावं. ओलं लोखंड गंजतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही तिची सवय लक्षात ठेवा, कारण पुढे याच सवयीचा कुणीतरी भलताच अर्थ लावला.

मग कामाच्या मागे दोघं जळगावला आली. रेल्वे लाइनीलगत एक पत्र्याची खोली भाड्याने घेतली. चार वर्षं सुखात गेली म्हणायची. नंतर झिपरू कावीळ होऊन गेला, आणि वर्ष फिरतं न फिरतं तोच लाइनीलगतच्या त्या खोल्या पाडल्या. एका दुपारीत झुंबरबाईचं घर गेलं. सामानात एक बोचकं, एक कळशी आणि मी. गावी दीर होता, पण त्याच्या दाराशी आसरा मागत उभी राहील अशी ही बाई नव्हती, म्हणून ती गेलीच नाही.

तिला काम मिळालं सराफ बाजारात. काम काय, ते नीट सांगतो, कारण पेपरवाल्यांना ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. सोनार दागिना घासतो, कापतो, तासतो. त्यातला डोळ्याला न दिसणारा कण उडतो, कपड्याला चिकटतो, पायाखाली येतो आणि दुकानाच्या पायरीबाहेर पडतो. ती धूळ भल्या सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, मऊ कुंच्याने पायऱ्यांच्या फटींतून झाडून काढायची, घमेल्यात भरायची, नळावर नेऊन पाण्यात हलकी हलकी हिंदकळवत धुवायची. माती वाहून जाते, जड ते बुडाशी राहतं. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने ओढून घेतला की काळ्या रेतीत चार-दोन पिवळे ठिपके चमकतात. ते गाळणाऱ्याकडे द्यायचे, तिचा हातखर्च सुटायचा. अर्धा दिवस कंबर मोडल्यावर तांदळाच्या कणीच्या चतकोराएवढं सोनं! करून बघा एकदा म्हणजे कळेल.

या कामाचाही एक रिवाज आहे. कुणीही उठून कुणाच्याही पायरीवर कुंचा फिरवत नाही. दुकानदाराने जिला ओटा दिला, तिनेच तो झाडायचा. माणकचंद शेठजींनी आपला आणि शेजारचे दोन ओटे झुंबरबाईला दिले होते. आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शेठजी गादी उचलतात, खालचं अंथरूण झटकतात, कारागिरांच्या बैठकीखालची वर्षभराची धूळ काढतात. ती सगळी ओटेवालीची. शेतकऱ्याला खळं तसा तिला तो दिवस. त्या एका दिवसाच्या मातीवर तिचा अख्खा हिवाळा निघायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. गल्लीतच एक घड्याळांचं दुकान कायमचं बंद पडलं होतं, त्याच्या ओसरीवर ती झोपायची. अंथरायला रद्दीतले पेपर, पांघरायला गोधडी, उशाशी मी.

तर या रद्दीमुळे मला पेपरांची चांगली ओळख झाली. कोपऱ्यावर पुनाभाऊंचं चहाचं दुकान आहे. ते गिऱ्हाइकांना पेपर मोठ्याने वाचून दाखवतात आणि वर स्वतःचं मतही जोडतात. ऐकून ऐकून माझ्या ध्यानात आलं की रस्त्यावर राहणारी माणसं पेपरात ठरावीक वेळीच येतात. पारा घसरला की 'बेघरांचे हाल' आणि शेकोटीभोवतीच्या चार पाठी. मे महिन्यात 'फिरस्त्याचा मृत्यू, ओळख पटली नाही'. अहो, जिवंतपणी कुणी नाव विचारलं होतं का, की मेल्यावर ओळख पटावी? आणि सण तोंडावर आला, बाजार सजला, की मग आमच्या माणसांचा 'सुळसुळाट' होतो. हा शब्द मी उंदरांसाठी ऐकला होता.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या नऊ दिवस आधीची गोष्ट. सकाळचं काम आटोपून झुंबरबाईने मला धुतलं, रोजच्यासारखं उताणं उन्हात ठेवलं आणि पायरीला पाठ टेकून जरा डोळे मिटले. पहाटेपासून वाकलेल्या बाईचा डोळा लागणारच. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण आला. उभा राहिला, मग गुडघ्यावर बसला आणि मला पुढे मोठं घेऊन, मागे झोपलेली झुंबरबाई धरून त्याने फोटो काढला. उठवलं नाही. विचारलं नाही. दोन मिनिटांत मोटारसायकलला किक मारून गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुनाभाऊ चहाचं भांडं तसंच उकळत सोडून धावत आले.

"अक्का, तुना फोटो उना पेपरमा!"

बिचारी हरखली. पदर सारखा करून म्हणाली, "वाची दखाड ना."

पुनाभाऊंनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज उतरत गेला. वर जाड अक्षरांत होतं, 'ऐन दिवाळीत सुवर्णनगरीला भिकाऱ्यांचा विळखा'. खाली चार कॉलम फोटो. फोटोखाली, 'सराफ बाजारात दुकानाच्या पायरीवर भांडे मांडून बसलेली भिकारी महिला'. पुढे परजिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या, त्रस्त ग्राहक, झोपलेलं प्रशासन आणि 'चोरीची शक्यता नाकारता येत नाही'.

भांडं मांडून! मित्रांनो, मी वाळत होतो हो! कामाला जुंपलेलं, धुऊन पुसून उन्हात ठेवलेलं अवजार मी. सुताराने रंधा पायरीवर ठेवला तर तुम्ही त्याला भीक मागतोय म्हणता का? डॉक्टरच्या टेबलावरच्या ट्रेला म्हणता का? मग माझ्यापाशी बसलेल्या बाईला घर नाही, एवढ्यावरून माझी जात कशी बदलली? मला त्या दिवशी हात असते, तर त्या पेपराचं काय केलं असतं ते मुलांसमोर सांगत नाही.

झुंबरबाईने पेपर हातात घेऊन फोटो पाहिला. मग एवढंच म्हणाली, "भीक? कव्हय मांगी मी भीक?"

पुनाभाऊ उतू गेलेल्या चहाकडे परत गेले.

दोन दिवसांत व्यापाऱ्यांच्या संघटनेची बैठक झाली. बाजाराची बदनामी झाली, दिवाळीचं गिऱ्हाईक बिचकेल, असं सगळ्यांचं मत पडलं. ठरलं असं की यापुढे संघटनेचं ओळखपत्र असेल तीच बाई ओटा झाडेल, आणि ओळखपत्राला राहण्याचा पत्ता लागेल. झुंबरबाई माणकचंद शेठजींपुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या काखेत होतो. शेठजी मनाने वाईट नाहीत. उन्हाळ्यात तिला माठातलं पाणी तेच देववायचे. पण त्या दिवशी ते हिशेबाच्या वहीतून वर बघेचनात.

"बाई, मी एकटा काय करू? सगळ्यांचा निर्णय आहे. पेपरात छापून आलंय."

"शेठ, तुम्ही तं माले रोज देखतस ना?"

"बघतो गं. पण छापून आलंय ना."

घ्या! अकरा वर्षं ज्याच्या डोळ्यांदेखत ही बाई कंबरेत वाकून कुंचा फिरवत होती, त्याला स्वतःच्या डोळ्यांची साक्ष पुरेना. मला पेपरवाल्याचा राग आला होता, त्याहून जास्त शेठजींचा आला. पेपरवाला निदान परका होता.

गादी उचलायला आता पाच दिवस उरले होते. पत्ता नाही म्हणजे ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणजे वर्षभराची माती दुसऱ्या कुणाच्या घमेल्यात जाणार. झुंबरबाईने बोचक्यातली ठेवणीतली हिरवी साडी काढली, डोक्याला तेल लावलं, ओट्यावरून शेवटच्या झाडलेल्या उरल्यासुरल्या मातीचं गाठोडं माझ्यात टाकलं आणि मला डोक्यावर घेऊन ती थेट पेपरच्या कचेरीत निघाली. पुनाभाऊ म्हणाले, येतो सोबत. ती नको म्हणाली.

कचेरीत तोच तरुण भेटला. त्याचं नाव भूषण. त्याने तिला ओळखलंच नाही, आणि ओळखणार कसा? त्याने माणूस पाहिला नव्हता, बातमी पाहिली होती. तिने मला त्याच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी, ठणकन ठेवलं. तेव्हा त्याला मी ओळखू आलो.

"आजी, बसा ना," तो चाचरत म्हणाला. "हे बघा, त्यात तुमचं नाव कुठे टाकलं होतं? उलट मी काळजी घेतली."

"तेच तं इचारी ऱ्हायनू, भाऊ. काब्र नही टाकं?"

खरं सांगू का, नाव का टाकलं नाही, हा प्रश्न भूषणला सुचलाच नव्हता. नाव गाळलं म्हणजे उपकार केले, अशीच त्याची समजूत होती.

आवाज ऐकून आतून कामिनी मॅडम आल्या. पानावर काय जायचं ते ठरवणाऱ्या त्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'अरेरे' म्हटलं, आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. म्हणाल्या, "आपण दिवाळी पुरवणीत मोठी स्टोरी करू या. घर नसलेल्या माउलीची दिवाळी. आजी, हातात एक पणती घ्या. आणि जरा साधी साडी नाही का? ही फारच नवी दिसते."

मित्रांनो, परवा ही बाई चोर होती. आज ती माउली झाली, पण तीसुद्धा फाटक्या साडीतली हवी. मधे कुठे माणूस म्हणून उभं राहायला कचेरीत जागाच नव्हती. मला वाटलं, असल्या कौतुकापेक्षा ती शिवी बरी होती.

झुंबरबाईने पदर खोचला. "मनी साडी चांगली शे. मी आठे रडाले नही उनू. पाणी कोठे शे तुमनं?"

गाड्या लावायच्या जागेत एक नळ होता. ती तिथे उकिडवी बसली आणि तिने मला कामाला लावलं. अख्खी कचेरी भोवती जमली. ती न बोलता मला हिंदकळवत राहिली. गढूळ पाणी काठावरून जात राहिलं, मग मातकट, मग स्वच्छ. मीही त्या दिवशी जीव ओतला. चुंबक फिरवून तिने मला तिरपं धरलं, तेव्हा माझ्या बुडाशी काळ्या रेतीत तीन पिवळे कण होते. तीनच, पण होते.

"हाऊ घमेला शे," ती भूषणला म्हणाली. "भीक मांगाले घमेला लागस का?"

भूषण शिरपूरकडचा. घरी अहिराणी बोलणारा आणि कचेरीत ती खुंटीला टांगून ठेवणारा. तो तिच्यासमोर खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मनी चूक व्हयनी, आजी."

खुलासा छापायचं ठरलं. भूषण लिहायला बसला, आणि दुसऱ्याच ओळीत अडला. पेपरात माणसाचं नाव आलं की कंसात वय येतं आणि वयापुढे 'रा.' येतं, म्हणजे राहणार अमुक ठिकाणी. तुम्हीही वाचलं असेल. कामिनी मॅडम म्हणाल्या, "रा. काय टाकणार? पत्ता नसला की आपण नावच घेत नाही. फिरस्ती महिला असं लिहितो. पद्धतच आहे ती."

आता कळलं का मित्रांनो, आमची माणसं बिननावाची का मरतात? घर गेलं की पेपरातून नावही जातं. कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, नुसती पद्धत आहे. असल्या पद्धतीला आग लागो!

"बेघर लिहू का, आजी?" भूषणने विचारलं.

"काब्र? मी सराफ बजारमा ऱ्हास. अकरा वरीसपाईन तठेच ऱ्हास मी. लिख."

मॅडम काही म्हणायच्या आधीच भूषणने लिहिलं.

गादी उचलायच्या दिवशी सकाळी खुलासा आला. पहिल्या फोटोला चार कॉलम होते. हा मात्र पाचव्या पानावर, शिकवणीच्या जाहिरातीखाली, दोन बोटांएवढा. पुनाभाऊंनी तो शोधायला तीन वेळा पेपर उलटापालटा केला. त्यात होतं, 'छायाचित्रातील महिला झुंबरबाई झिपरू सैंदाणे (वय ५८, रा. सराफ बाजार, जळगाव) या तेथे सोनारांच्या दुकानांसमोरील माती धुण्याचे काम करतात. त्या भिक्षेकरी नाहीत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. असो. मी कोण मोठा लागून गेलो.

पुनाभाऊंनी तेवढा तुकडा कापला आणि झुंबरबाई तो घेऊन माणकचंद शेठजींकडे गेली. दुकानात गादी अर्धी उचललेली होती. कुणी दुसरी बाई दारात घमेलं घेऊन थांबली होती. शेठजींनी चष्मा लावला, तुकडा एकदा वाचला, परत वाचला, 'रा.' वर बोट ठेवलं. आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"पत्ता आला की छापून! मग प्रश्नच मिटला. संघटनेला मी सांगतो. जा, आत जा, माती भरून घे. आणि हा कागद जपून ठेव गं बाई. परत कुणी विचारलं तर दाखवता येईल."

ती घड्याळाच्या दुकानाच्या ओसरीवर राहते, हे शेठजींना अकरा वर्षं माहीत होतं. येता-जाता त्यांनी तिला तिथे झोपलेली पाहिली होती. पण आज ते खरं झालं, कारण आज ते छापून आलं.

झुंबरबाईने तो तुकडा शेठजींच्या गल्ल्यावर परत ठेवला.

"तुम्हीच ठेवा हाऊ कागद, शेठ. मी कोन शे, ते माले माहीत शे."

आणि ती मला घेऊन आत गेली. आम्ही त्या दिवशी सात खेपा माती भरली. सातव्या खेपेला माझ्या बुडाचा एक डाग सुटला, तरी मी गळलो नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की शेवटी काहीतरी मागतात. घासा, रंग द्या, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. गंज माझा मी सोसेन. पण उद्या पेपरात रस्त्यावर बसलेल्या कुणाचा फोटो दिसला आणि खाली नाव नसलं, तर जो कुणी तो पेपर वाचत असेल, बाबा असोत, आजोबा असोत की गुरुजी, त्यांच्या हातातला पेपर खाली ओढा आणि विचारा, "यांचं नाव काय?" ते म्हणतील, छापलेलं नाही. मग विचारा, "का नाही?" ते रागावतील. रागावू द्या. तुम्ही मात्र पान उलटू देऊ नका.